मोगरीचं माहेर

रनाळ्याच्या भिका आप्पाने मला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात फसवलं. भर दुपारी, चार माणसांच्या साक्षीने, हात जोडून फसवलं. गावात लोक उलटं सांगतात. नंदुरबारच्या घोडीवाल्याने म्हाताऱ्याला लुबाडलं, पांढरीशुभ्र घोडी मातीमोल भावात नेली, असं अजूनही चहाच्या टपरीवर बोललं जातं. बोलणाऱ्यांना सौदा दिसला, अट दिसली नाही. आप्पा आता गेला. गेलेल्या माणसाविषयी वाईट लिहू नये म्हणतात. मी खरं तेवढंच लिहितो, वाईट वाटलं तर ते आप्पाचं आप्पाने पाहावं.

आधी माझ्याविषयी थोडं सांगतो, म्हणजे फसवणूक केवढी मोठी ते कळेल. मी लग्नाच्या वरातीत डोक्यावर दिवा घेऊन चालण्यापासून सुरुवात केली. नवरदेव घोडीवर आणि मी त्याच्या बाजूला, मानेवर गरम तेल गळत. तेव्हाच ठरवलं की दिवा सोडायचा आणि लगाम धरायचा. आज माझ्याकडे वरातीच्या घोड्या आहेत, जरीचा साज आहे, छत्री आहे. हे सगळं मी घासाघीस करून उभं केलं. बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करतात, तिथे माझं बोट धरलं की समोरच्याला घाम फुटतो. चढ्या भावाने कोणी मला गवताची पेंढीसुद्धा विकलेली नाही.

त्या वर्षी बाजारात आप्पा एका कडेला उभा होता. धोतर, मळकी टोपी, हातात दोरी आणि दोरीला मोगरी. बाकीचे विक्रेते घोड्या नाचवत होते, ढोल लावत होते. आप्पा तिच्या कानामागे खाजवत होता. मी नेहमीप्रमाणे खोडी काढायला सुरुवात केली. कपाळावर भोवरा आहे म्हणालो. आप्पा म्हणाला, "शे." मागचा पाय आखडते म्हणालो. "आखडस थोडा." वय जास्त आहे म्हणालो. "तुन्हामन्हापेक्षा कमी शे." असा माणूस मी बाजारात पाहिला नव्हता. मी खोट काढावी आणि त्याने ती पदरात घ्यावी. रुमालाखाली मी लाजिरवाणा भाव दाबला. आप्पाने हात तसाच राहू दिला आणि म्हणाला,

"भाव तुन्हा. अट मन्ही."

"बोला."

"हाई मन्ही आंडेर शे. दर आखाजीले माहेरले धाडनी पडी. मी सोता लेवाले येसू."

आंडेर म्हणजे आमच्याकडे लेक. आणि आखाजी म्हणजे बाकीच्या महाराष्ट्राची अक्षय तृतीया. खानदेशात त्या दिवशी सासरी गेलेली लेक माहेरी येते. झाडाला झोका बांधतात, बायका गाणी म्हणतात, पुरुष पत्ते कुटतात. लेकीला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात.

आता सांगा, यात मी घाबरावं असं काय होतं? बाजारात प्रत्येक जनावर कोणाची तरी आंडेर असतं. भाव ठरेपर्यंत. बैल विकणारा म्हणतो लेकरू आहे, गाय विकणारा म्हणतो माय आहे, आणि पैसे कमरेला लावले की मागे वळून पाहत नाही. त्या बोलण्याला बाजारात कोणी खरं धरत नाही. मीही धरलं नाही. घोडीच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "दिधा शब्द." साक्षीदार हसले. आप्पा हसला नाही. त्याने दोरी सोडून स्वतःजवळ ठेवली, मोगरीच्या तोंडात गुळाचा खडा घातला आणि मला हात जोडून म्हणाला, "राम राम, याही."

याही म्हणजे व्याही. त्या क्षणी मला कळायला हवं होतं.

पहिली आखाजी आली. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, पंचांग न बघता लग्नं लागतात. त्या एका दिवसावर आम्ही घोडीवाले पावसाळा काढतो. मोगरीला मी जरीची झूल चढवली होती, पायात घुंगरू होते, दारात नवरदेवाकडची माणसं उभी होती, बँडवाला सनई फुंकून बघत होता. तेवढ्यात वळणावरून आप्पा आला. नवं धोतर, नवी टोपी, खांद्यावर पिशवी. पिशवीत खण, नारळ आणि सांजोऱ्या.

"राम राम, याही. आंडेरले लेवाले उनू."

"आप्पा, आज आखाजी शे. मुहूर्त शे. नवरदेव तयार शे."

"आखाजी शे म्हनीसनच उनू. दिवाळीले येवानं ठरेल व्हतं का?"

मी आवाज चढवला. माझा आवाज चढला की गल्लीतली कुत्री उठून जातात. आप्पा बसला. माझ्याच ओट्यावर मांडी घालून बसला आणि माझ्या बायकोकडे पाणी मागितलं. नवरदेवाचा आजा काठी टेकत पुढे आला. मला वाटलं आता हा म्हाताऱ्याला हाकलेल. त्याने मलाच विचारलं, "शब्द दिधा व्हता का?"

"दिधा व्हता, पन—"

"शब्द दिधा तठे पन नही ऱ्हास, भाऊ."

आणि वर म्हणाला की आमच्या पोराच्या लग्नात कोणाची लेक माहेराला मुकायला नको, अपशकुन होतो. नवरदेव शेवटी ट्रॅक्टरवर बसून गेला. त्याने चेहरा असा केला होता, जणू ट्रॅक्टरचा हप्ता त्याच्यावरच आहे. माझी झूल उतरवली गेली, आप्पाने मोगरीच्या गळ्यात खण बांधला आणि तिला घेऊन चालत रनाळ्याच्या रस्त्याला लागला. मी हिशोबी माणूस. मला त्या दिवशी कळलं की म्हाताऱ्याने घोडीचा भाव सोडून माझ्या धंद्याचा सर्वांत महाग दिवस विकत घेतला होता, तोही कायमचा.

सणानंतर घोडी परत आणायला गेलो. भांडायच्या तयारीने गेलो होतो, चार शिव्या वाटेतच निवडून ठेवल्या होत्या. आप्पाच्या अंगणात निंबाखाली मोगरी उभी. आयाळीला तेल लावून वेणी घातलेली, कपाळावर हळदकुंकू. आप्पाची बायको, तिला सगळे जिजी म्हणत, मोगरीला ज्वारीचा भिजवलेला दाणा हाताने भरवत होती. शेजारच्या बाया मला बघून जमल्या. एकीने विचारलं, "याही, आम्हनी पोरले उपाशी ठेवतस का हो? फासळ्या दिसी ऱ्हायन्यात."

दुसरी म्हणाली, "सासू नसी, तरी सासरवास शेच."

आप्पाने मला हात धरून मोगरीच्या पोटाशी नेलं. साजाचा पट्टा घासून तिथे केस गेले होते, कातडी काळी पडली होती. वरातीच्या घोडीला असं होतंच, सगळ्यांच्या घोड्यांना होतं. आप्पाने त्यावर बोट ठेवलं. फक्त म्हणाला, "सासरना वण माहेरमाच दिसतस."

मग मला पाटावर बसवलं. खापरावरची पुरणपोळी, वर रस, वर तूप. व्याह्याचा मान म्हणून आधी मला वाढलं. भरल्या पोटी भांडता येत नाही, ही गोष्ट आप्पाला कोणीतरी फार लहानपणी शिकवली असावी. निवडून ठेवलेल्या शिव्या मी तशाच परत आणल्या. सोबत मोगरी, तिचं सुटलेलं पोट, आणि नव्या अटी. पट्ट्याखाली मऊ कापड घालायचं. कानाजवळ फटाके नाहीत. त्या मोठ्या आवाजाच्या भिंती जिथे लावतात त्या वरातीत ती जाणार नाही. मी म्हणालो, "आप्पा, हाई बाजारमा नव्हतं ठरेल." आप्पा म्हणाला, "बाजारमा सोयरीक ठरस. नांदाडानं घर मांगून ठरस." सोयरीक ठरते ती बाजारात, नांदवायचं कसं ते पुढे घरात ठरतं. याला तो तर्क समजत होता.

मी काय काय करून पाहिलं, तेही सांगतो. आखाजीऐवजी दुसरा कुठलाही सण घ्या म्हणालो. दुसरी घोडी पाठवतो म्हणालो. त्यावर आप्पा म्हणाला, "थोरलीनी जागावर धाकलीले धाडतस का?" एका वर्षी निरोप धाडला की मोगरी आजारी आहे, उभी राहत नाही. आप्पा अंथरूण-पांघरूण, ओवा, हिंग, हळद घेऊन माझ्या तबेल्यात मुक्कामाला आला. मोगरी उभी होती आणि दुसऱ्या घोडीचा चारा ओढून खात होती. आप्पाने मला खोटारडा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. तो म्हणाला, "माहेरना वारा लागना म्हंजे बरी व्हई," आणि आखाजीला घेऊन गेला. मग मी तिला विकायला काढली. अख्ख्या जिल्ह्यात गिऱ्हाईक मिळेना. जो येई तो आधी विचारी, "हाई रनाळानी आंडेर ना? हिनी अट हिनासंगे ई ना?"

घरातही नुकसान झालं. माझ्या बायकोचं माहेर शहाद्याकडे. आखाजी म्हणजे आमचा हंगाम, त्यामुळे लग्नापासून ती आखाजीला कधी माहेरी गेली नव्हती आणि तिने कधी तसं म्हटलंही नव्हतं. आप्पा दारातून मोगरीला घेऊन जाताना तिने दोन-तीन वेळा पाहिलं आणि एका वर्षी पदर खोचून म्हणाली, "घोडीले माहेर शे. माले नही का?" आप्पा ओट्यावरच बसलेला होता. त्याने मान डोलावली, जणू खटला त्याच्यापुढे चालू होता. त्या वर्षापासून आखाजीला घोडी रनाळ्याला, बायको शहाद्याला, आणि घरात मी आणि माझा राग.

आता प्रेम आणि इमान. या विषयावर हल्ली फार बोललं जातं. ज्याला शेजारी ओळखत नाही तोही म्हणतो की माणसांपेक्षा मुकी जनावरं बरी. आप्पाचं आणि मोगरीचं तसलं काही होतं असं कोणाला वाटेल, म्हणून स्पष्ट सांगतो. मोगरी आप्पाला बघून कधी खिंकाळली नाही. डोळ्यांतून पाणी वगैरे काढलं नाही. एकदा मी मुद्दाम परीक्षा घेतली. तबेल्याच्या एका टोकाला आप्पाला उभं केलं, दुसऱ्या टोकाला मी उभा राहिलो. इतकी वर्षं मी खाऊ घालतोय, बघू कोणाकडे येते. मोगरी मधूनच वळली आणि दारात उभ्या असलेल्या दूधवाल्याकडे गेली. त्याच्या खिशात बिस्किटाचा पुडा होता. मला मनापासून आनंद झाला. म्हणालो, "दखा आप्पा, हाई तुमनी आंडेर. बिस्किट दखीसन बापले इसरनी."

आप्पाला जराही लागलं नाही. तो हसून हसून खोकला. "मंग? हुशार शे. उपाशी मरनार नही कथीच."

"पन तुमना जीव इतला तिनावर, तिले काय त्यानं?"

त्याने तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाला, "लोके जनावरनं इमान दखतस. जनावरले आपलं इमान कोन दाखाडी?"

मी म्हणालो, हा घाट्याचा सौदा आहे. एकाने द्यायचं आणि दुसऱ्याला पत्ताच नाही. आप्पा म्हणाला, "तू सौदा म्हनस म्हनीसन तुले घाटा दिसस." मला राग आला. असली वाक्यं ऐकली की मला नेहमी राग येतो, कारण त्यांच्यावर उलटा भाव बोलता येत नाही. पण त्याच संध्याकाळी मी सगळ्याच घोड्यांच्या पट्ट्यांना आतून मऊ कापड शिवून घेतलं. ते आप्पामुळे नव्हे. घासलेली घोडी बिचकते आणि बिचकलेली घोडी नवरदेवाला पाडते. धंद्याचं गणित आहे ते.

आप्पाला एकच मुलगा, प्रवीण. पुण्यात मोठ्या पगारावर असतो. त्याच्याकडे परदेशी जातीचा कुत्रा आहे, ब्रूनो. ब्रूनोचा वाढदिवस होतो, केक कापतात, आणि प्रवीण त्याचा पप्पा आहे. हे मला कसं माहीत? मोबाइलवर तो रोज टाकतो. ब्रूनो झोपला, ब्रूनो उठला, ब्रूनोला आज उदास वाटतंय, आणि खाली लिहिलेलं असतं की निष्ठा शिकावी तर यांच्याकडून. आखाजीला प्रवीण घरी येत नसे, कारण ब्रूनोला एवढा प्रवास झेपत नाही आणि त्याला एकटं सोडणं क्रूरपणाचं आहे. जिजी पहिल्यांदा हे ऐकून म्हणाली होती, "कुत्राले घेरा येतस का मोटरमा?" आप्पाने तिला गप्प केलं. पोराविषयी वाईट तो ऐकून घेत नसे. म्हणे, "त्याले बी जीव लावता येस. जरा लांब लावस, बस."

पौषात आप्पा गेला. कापूस वेचून झाला होता, दुपारी निंबाखाली आडवा झाला तो उठलाच नाही. मी दहाव्याला गेलो. नदीवर माणसं थंडीने कुडकुडत होती, भटजी मंत्र म्हणत होता, आणि काठावर प्रवीणच्या गाडीत ब्रूनो बसला होता. त्याच्या अंगात लाल स्वेटर. पिंडाला कावळा शिवेना. लोक कुजबुजू लागले की आप्पाचं काय राहिलं असेल, सांगा कोणीतरी, शब्द द्या. प्रवीण घड्याळ बघत होता. जिजीने माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहिलं. शेवटी दर्भाचा कावळा करून काम उरकलं. जेवण झाल्या झाल्या प्रवीण निघाला, कारण ब्रूनोला इथलं पाणी सोसत नव्हतं. कुत्र्यावर माझा राग नाही. त्याने कोणाला शब्द दिलेला नव्हता.

खोटं कशाला बोलू, परत येताना मी सुटलो असं मला वाटलं. अट घालणारा गेला, अट गेली. त्याच आठवड्यात दोंडाईच्याच्या एका पार्टीकडून आखाजीच्या वरातीसाठी मोगरीची सुपारी घेतली, आणि चांगली ताणून घेतली.

चैत्र संपत आला तसा जिजीचा फोन आला. शेजारणीच्या मोबाइलवरून. "याही, आखाजीले आप्पानी घागर भरनी शे." घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने आखाजीला पाण्याची घागर भरतात, पहिल्या वर्षी तर भरतातच. मग म्हणाली, "पोरले लेवाले कोन ई? मी बाईमानूस, वरीस व्हयेल नही, मी कशी निंघू? तुमीच सांगा."

जिजीचा फोन ठेवला. मी प्रवीणला फोन लावला.

तो म्हणाला, "काका, मला कळत नाही. ती घोडी तुम्ही विकत घेतलीय ना? मग अडचण काय आहे?"

मी म्हणालो, "मुराळी पाहिजे. तुझ्या घरचा तू एकटा उरलास."

"ते वडिलांचं एक वेड होतं, काका. आम्ही घरचे कौतुक म्हणून बघायचो. आणि मे महिन्याच्या तोंडावर मला निघणं शक्य नाही, ब्रूनोला उन्हाचा त्रास होतो. तुम्हाला सांभाळणं जड जात असेल तर इथे एक संस्था आहे, म्हाताऱ्या जनावरांना ठेवून घेतात. नंबर पाठवू?"

नंबर नको म्हणालो आणि न भांडता फोन ठेवला. हे माझ्या आयुष्यात क्वचित होतं. दुसऱ्या दिवशी त्याने मोबाइलवर एक फोटो टाकला. आप्पा निंबाखाली, शेजारी मोगरी, गळ्यात खण. खाली लिहिलं होतं, मुक्या प्राण्यांवर लेकीसारखं प्रेम करणारे माझे बाबा. शेकडो लोकांनी हात जोडले होते. चार जणांनी तो फोटो फिरवत फिरवत मलाच पाठवला.

आखाजीच्या दिवशी दोंडाईच्याच्या नवरदेवाला मी दुसरी घोडी दिली. पार्टीशी भांडण झालं, ते सांगत नाही. बायको शहाद्याला गेली होती. मोगरी अंघोळ घालून दारात बांधली. दिवसभर मी ओट्यावर बसलो. काही लोक विचारतील, एवढंच होतं तर तू स्वतः का नेऊन सोडली नाहीस, रनाळं काय विलायतेत आहे? विचारणारा खानदेशातला नसेल. सासरच्या माणसाने सून आपल्या हाताने नेऊन माहेराच्या दारात सोडली, तर तिला टाकली असा अर्थ होतो. मी मोगरीला टाकलेली नाही. रनाळ्याच्या बायांनी तसं म्हणावं, जिजीने ते ऐकावं, हे मी होऊ देणार नाही. रस्त्यावरून दिवसभर वराती गेल्या. मोगरीने चारा खाल्ला, पाणी प्यायली, माश्या हाकलल्या. तिला तिथी कळते असं माझं म्हणणं नाही. मला कळते.

तर प्रवीण, हे तुझ्यासाठी लिहिलं आहे. तुझ्या बापाने मला फसवलं, ते मी सोसलं, कारण फसवणारा दरवर्षी उन्हातून चालत येऊन माझ्या दारात उभा राहत होता. तुझं तसं नाही. तू घरबसल्या हात जोडून घेतोस. शेजारणीने मला फोनवर सांगितलं, रनाळ्यात तुझ्या आईने त्या दिवशी घागर भरली, सांजोऱ्या तळल्या आणि संध्याकाळपर्यंत दार उघडं ठेवलं. माझ्या बाजूने शब्द पुरा होता, घोडी धुऊन उभी होती. आली नाही ती माहेरची बाजू. मी सौद्यातला माणूस आहे, अर्धा सौदा मी कोणाला माफ केलेला नाही, तुलाही करणार नाही. पुढच्या आखाजीला मुराळी म्हणून येतोस की नाही, हे मोबाइलवर लिहू नकोस. रनाळ्याला जा, आईसमोर उभा राहा, आणि तिला तोंडाने सांग.